अर्धवट जळण्याला कारण असते: नागपूरच्या दहनघाटांचा कारभार पाहणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
दहनघाटांचा कारभार पाहणारे अधिकारी, घाटांचे ठेकेदार, शववाहिका चालवणारे आणि अंत्यविधीचे सामान व व्यवस्था पुरवणारी सगळी मंडळी,

सप्रेम नमस्कार.

यंदाच्या पावसाळ्यासाठीही घाटांवरचे लाकूड नुसत्या वजनावर घ्यायचे ठरले आहे. लाकूड किती ओले चालेल, ते कुठे रचून ठेवायचे, सरण पेटवण्याआधी ते कोणी पाहायचे, यातले काहीच कागदावर नाही. जुलै-ऑगस्टमध्ये पुन्हा तेच होणार. सरण चार-चार तास धुमसणार, सकाळी राख सावडायला आलेल्या घरच्यांसमोर कमरेचा काळा गोळा निघणार, आणि घाटावरचा मजूर शिव्या खाणार. ‘पावसाचे दिवस आहेत, काय करता’ या एका वाक्यावर हा विषय दरवर्षी मिटवला जातो. तो आम्ही या वेळी मिटू देणार नाही, म्हणून हे पत्र. अंबाझरी, मोक्षधाम, गंगाबाई, मानेवाडा, सहकारनगर, मानकापूर असे घाट या शहरात आहेत आणि प्रत्येक घरातून कोणीतरी त्यांतल्या एकाची वाट कधी ना कधी चालतेच. हे पत्र तुम्हाला लिहिले असले तरी त्या सगळ्यांनी वाचावे अशी इच्छा आहे.

आम्ही सरण रचणारे, भट्टी चालवणारे आणि मयतीची व्यवस्था लावणारे लोक आहोत. अर्धवट जळणे हा पावसाचा दोष नाही, नशिबाचा तर नाहीच. त्याला कारण असते, ते मोजता येते आणि टाळता येते.

आधी उष्णतेचा हिशेब पाहू. साठ किलोच्या देहात ३५-३६ लिटर पाणी असते. त्याची वाफ व्हायला साधारण २२ हजार किलोकॅलरी पुरतात. तीनशे किलो लाकूड वाळलेले असेल, म्हणजे एकूण वजनाच्या २० टक्के पाणी त्यात असेल, तर त्यातून दहा लाखांच्या आसपास किलोकॅलरी निघतात. तेच लाकूड ४० टक्के ओले असेल तर सात लाख. सात लाख म्हणजेही गरजेच्या तीसपट. मग देह राहतो कसा? लाकडात उष्णता कमी नसते. ती हवी त्या वेळी आणि हवी त्या जागी पोचत नाही. उघड्या सरणाची बहुतेक उष्णता वर आणि बाजूंना निघून जाते. शिवाय ४० टक्के ओल्या तीनशे किलोंत १२० लिटर पाणी असते, देहातल्या पाण्याच्या तिपटीहून जास्त. पहिले दोन तास ओंडके स्वतःलाच वाळवत बसतात. ज्योत धड लागत नाही, धूर होतो, देहाचा वरचा भाग कोळसतो, आणि कोळसलेला थर आतल्या मांसाला झाकण घालून बसतो. लाकूड वाळून नीट पेटेपर्यंत खालचे निखारे बसलेले असतात आणि सरण ढासळलेले असते.

वजनावर पैसे देण्यातली गोम इथेच आहे. तीनशे किलो वाळलेल्या लाकडात २४० किलो खरे लाकूड असते, ४० टक्के ओल्यात १८०. साठ किलो लाकूड कमी द्यायचे, त्याजागी पाणी काट्यावर चढवायचे आणि पूर्ण बिल लावायचे. लाकूड विकणाऱ्या टालवाल्याला याहून सोपा धंदा नाही. तो बेइमान आहे असे आम्ही म्हणत नाही. तुमचा करारच त्याला ओले लाकूड आणायला सांगतो.

ओलावा मोजायचे दोन सुयांचे यंत्र बाजारात मिळते, फार महागही नसते. पण ते वापरायची पद्धत आहे. ओंडक्याच्या सालीवर सुया टोचून आकडा घेतला तर तो कमीच येणार, कारण बाहेरचा थर आधी वाळतो. ओंडका फोडायचा, ताज्या फाकेच्या मधोमध सुया रुतवायच्या. दुसरे, ही यंत्रे सहसा कोरड्या लाकडाच्या हिशेबाने आकडा दाखवतात. यंत्रावर २५ आले की एकूण वजनात २० टक्के पाणी आहे असे समजायचे. करारात नुसते ‘२५ टक्के’ लिहिले आणि कोणत्या हिशेबाने ते लिहिले नाही, तर भांडण ठरलेले. यंत्र नसेल तर कानाने पाहा: दोन वाळले तुकडे एकमेकांवर आपटले की टणटणतात, ओले धपधपतात. टोकांना तडे गेलेले असले आणि साल हाताने सुटली, तर लाकूड बहुधा चांगले.

नागपूरला यासाठी उन्हाळा फुकट मिळालेला आहे. मे महिन्यात ४५ अंशांपर्यंत जाणाऱ्या उन्हात फोडून, उंचावर, वारा खेळेल असे रचलेले लाकूड झपाट्याने वाळते. नवतपा, म्हणजे मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, संपेपर्यंत पूर्ण पावसाळ्याचा साठा फोडून छपराखाली जायला हवा. जमिनीपासून वीतभर उंच फळ्यांवर, बाजू मोकळ्या, फक्त डोक्यावर पत्रा. ताडपत्रीने चहूबाजूंनी गुंडाळलेली थप्पी आतल्या आत घामेजते आणि बुरशी धरते. ती उघड्यावरच्या थप्पीइतकीच वाईट. अख्खे ओंडके तर कुठेही ठेवा, महिनोन्‌महिने आतून ओलेच राहतात. फोडणे हे वाळवण्याचे अर्धे काम आहे, आणि फोडणीची मजुरी वाचवायची म्हणून नेमके तेच टाळले जाते.

आता मोक्षकाष्ठाबद्दल, कारण नागपूरनेच ते उचलून धरले आणि त्याचा आम्हाला अभिमान आहे. पऱ्हाट्या, तुराट्या, सोयाबीनचे कुटार असा शेतातला पालापाचोळा दाबून केलेल्या या गोल कांड्यांत पाणी सहसा दहा टक्क्यांच्या आत असते. झाड वाचते, धूर कमी होतो, ज्योत लवकर लागते. पण दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात आणि दोन्ही सांभाळल्या जात नाहीत. एक, कांडीवर पाणी पडले की ती फुगून भुसा होते. तिचे पुन्हा लाकूड होत नाही. शेडच्या कडेला पावसाचा झोत येतो तिथे रचलेल्या पोत्यांचा उपयोग शून्य. दुसरे, कांड्या एकसारख्या गोल असल्याने त्या घट्ट बसतात आणि मधून हवा जात नाही. वाकड्यातिकड्या लाकडात फटी आपोआप राहतात, कांड्यांत त्या ठेवाव्या लागतात. एक थर आडवा, एक उभा, दर दोन-तीन कांड्यांनंतर बोटभर मोकळी जागा. ती न ठेवता पोती ओतली, की खालचा थर गुदमरतो आणि मग ‘मोक्षकाष्ठात दमच नाही’ असे म्हणणारे निघतात. दम आहे, रचणाऱ्याला कोणी शिकवलेले नाही.

सरण रचणे हे हातचे कसब आहे, आणि ते आज तोंडातोंडी चालते. लिहून ठेवण्यासारखे एवढे: लोखंडी सांगाड्याखाली किमान फूटभर मोकळी जागा हवी, आणि आदल्या दहनाची राख तिथून काढलेली हवी. राखेने बुजलेल्या सांगाड्यावर सरण कितीही चांगले रचा, खालून हवा नसेल तर ते पेटत नाही, धुमसते. सर्वांत जाड, सर्वांत वाळलेले लाकूड कमरेखाली आणि पाठीखाली. देहात सर्वांत जास्त पाणी धडात असते, आणि ओटीपोटाची, मांडीची हाडे सर्वांत शेवटी जळतात. पायांकडे बारीक फाटे पुरतात. अर्धवट राहिलेले अवशेष पाहिले तर बहुतेक वेळा कंबरच राहिलेली असते, याचे कारण इतकेच की जाड लाकूड डोक्याकडे आणि पायांकडे बाजूबंद म्हणून लावून टाकले जाते, दिसायला सरण नीट दिसते म्हणून. छातीवर जड ओंडका ठेवू नये. खालचे बसले की तो घरंगळतो आणि देह एका कुशीला जातो. दोन्ही बाजूंना दोन उभे लोखंडी गज असले तर हे होत नाही. काही शहरांत बाजूने पत्रे आणि वर धुराडे असलेली सुधारित जाळी वापरतात, उष्णता आत कोंडली जाते, लाकूड निम्म्याच्या आसपास लागते. आपल्याकडे ती का नाही, याचे उत्तर द्या.

पेटवण्याबद्दल. राळ, कापूर, तूप, गोवऱ्या यांनी वाळलेले सरण नीट पेटते. ओल्या सरणावर मग डिझेल येते, रॉकेल येते, आणि कधी पेट्रोल. पेट्रोलची वाफ ओतणाऱ्याच्या पायांभोवती पसरते आणि काडी ओढताच भडका त्याच्या अंगावर येतो. डिझेल वरवर जळून जाते, ओंडका आतून तसाच ओला. टायर टाकणाऱ्यांबद्दल काय बोलावे? जिथे टायर लागतो तिथे लाकूड ओले होते, एवढे समजून चौकशी टालापासून सुरू करा.

दाहिन्यांचे दुखणे निराळे आहे. भट्टी थंड-गरम थंड-गरम होत राहिली की विटा तडकतात आणि विजेच्या भट्टीतली कॉइल तुटते. दिवसाला एखादेच दहन होईल अशा तऱ्हेने ती चालवणे म्हणजे तिला लवकर मारणे. त्यापेक्षा ठरलेल्या वेळा लावून दहने सलग घ्यावीत. मुख्य कक्ष नीट तापल्याशिवाय देह आत घेऊ नये आणि एकदा घेतला की मधूनमधून दार उघडून पाहू नये, प्रत्येक वेळी थंड हवेचा लोंढा आत जातो. धुरासाठी दुसरा कक्ष असतो. तो ८५० अंश सेल्सियसच्या वर असावा आणि धूर तिथे दोन सेकंद तरी थांबावा, तरच दुर्गंधी आणि काजळी जळून जाते. हा कक्ष बंद ठेवून इंधन वाचवले जाते, आणि आजूबाजूच्या वस्तीतल्या बायका वाळत घातलेल्या कपड्यांवरची काजळी झटकत बसतात.

चालकांसाठी एक गोष्ट मोठ्या अक्षरांत भिंतीवर लावा: धुराड्यातून काळा धूर आला तर बर्नर वाढवायचा नाही, कमी करायचा आणि हवा वाढवायची. काळा धूर म्हणजे आत जळण्याजोगे भरपूर आहे, प्राणवायू पुरत नाही. बर्नर वाढवला की धूर आणखी वाढतो. हे विशेषतः स्थूल देहाच्या बाबतीत होते. चरबी किलोला नऊ हजार किलोकॅलरी देते, लाकडाच्या अडीचपट. ती एकदम पेटली की भट्टीचे तापमान चालकाच्या हाताबाहेर जाते. म्हणून सव्वाशे किलोच्या वरचा देह दिवसाच्या पहिल्या फेरीत, भट्टी तुलनेने थंड असताना घ्यावा, चौथ्या फेरीत नाही. शववाहिकेवाल्याने फोनवर अंदाजे वजन सांगितले तर हे नियोजन होते. आज कोणी विचारत नाही, कोणी सांगत नाही.

वीज गेली की धूर ओढणारा पंखा थांबतो आणि धूर दाराच्या फटींतून आत, माणसांमध्ये येतो. जनरेटर आपोआप सुरू होणारा हवा. त्याची किल्ली शोधण्यात दहा मिनिटे जाणे हे दहा मिनिटांत कोण बेशुद्ध पडेल याची परीक्षा आहे. दाराभोवतीची सिरॅमिक दोरी झिजली की बदला. तापमान दाखवणारी थर्मोकपल काडी बिघडली की पडद्यावरचा आकडा खोटा, आणि खोट्या आकड्यावर चाललेल्या भट्टीतून अर्धवट अवशेष निघाले तर चालकाला दोष देऊन उपयोग नाही. आणि विटा तोडण्याच्या-बदलण्याच्या कामात उडणारी धूळ फुफ्फुसात बसते. तोंडाला रुमाल बांधून ते काम करवून घेणे थांबवा.

आता व्यवस्था लावणाऱ्या आमच्याच भाऊबंदांना थोडे. देहासोबत काय जाते याकडे आपणच लक्ष द्यायचे आहे, कारण त्या घडीला घरच्यांना भान नसते. शवविच्छेदनानंतर देह प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून मिळतो. ते प्लॅस्टिक तसेच सरणावर चढते. त्यात पीव्हीसी असेल तर जळताना हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ निघते, जी डोळे-घसा तर जाळतेच, भट्टीचे लोखंडही खाते. गुंडाळी कापून काढायची, सुती कापड घालायचे. लघवीची पिशवी, नाकातली नळी, डायपर रुग्णालयातच काढून घ्यायचे. नायलॉन धाग्याचे हार, पॉलिएस्टरची शाल, रबरी तळव्याची चप्पल, काचेची औषधाची बाटली, कानातले यंत्र, खिशातला मोबाईल, यांतले काही आत जायला नको. अख्खा नारळ भट्टीत गेला की वाफ कोंडून फुटतो. फोडून ठेवा, विधीत काही कमी होत नाही.

शीतपेटीतला देह आणि गोठवलेला देह एक नव्हे. दोन ते चार अंशांवर ठेवलेला देह थंड असतो, गोठलेला नसतो. पण परदेशातल्या मुलाची वाट पाहत उणे तापमानात ठेवलेला देह आतून बर्फ असतो. तो थेट सरणावर ठेवला की बाहेर कोळसा आणि आत गोठलेले, असे होते. बाहेर काढून पुरेसा वेळ साध्या थंडाव्यात ठेवावा लागतो, आणि घाटाची वेळ त्या हिशेबाने घ्यावी लागते.

सर्वांत गंभीर मुद्दा पेसमेकरचा आहे, आणि त्याबद्दल या शहरातल्या एकाही घाटाच्या अर्जावर ओळ नाही. पेसमेकरमधली लिथियमची बॅटरी तापली की फुटते. ब्रिटनमध्ये १९७६ साली दाहिनीत असा पहिला स्फोट नोंदला गेला आणि तेव्हापासून तिथे दहनाच्या कागदांवर हा प्रश्न विचारला जातो. भट्टीत निदान विटांची भिंत तरी असते. उघड्या सरणाजवळ तर मुलगा, भाऊ, नातू हाताच्या अंतरावर उभे असतात. डाव्या गळपट्टीच्या हाडाखाली, कातडीत, बिस्किटाएवढा उंचवटा लागला की विचारा. काढण्याचे काम डॉक्टरचे, रुग्णालयातून देह सोडण्याआधी, लहानशा छेदातून काही मिनिटांत होते. यंत्र झटका देणारे असेल, म्हणजे ज्याला डिफिब्रिलेटर म्हणतात ते, तर आधी ते निष्क्रिय करावे लागते; नाहीतर तारा कापणाऱ्यालाच झटका बसतो. घाटावर कोणी ब्लेडने काढायचा प्रयत्न करू नये. हाडाच्या पोकळीत बसवलेले, आत दाबाने द्रव भरलेले काही खिळेही असतात, तेही फुटतात. नेहमीचे गुडघे, खुबे, पट्ट्या, स्क्रू मात्र निरुपद्रवी. टायटॅनियम १,६६८ अंशांना वितळते, आपले सरण तिथपर्यंत जातच नाही. राखेत ते तसेच सापडतात. ते घरच्यांना दाखवून, विचारून वेगळे करा; परस्पर भंगारात विकले जात असतील तर त्याचा हिशेब दाखवा.

किरणोत्सारी उपचारांचे असेच. थायरॉइडच्या कॅन्सरला दिलेले आयोडीन-१३१ दर आठ दिवसांनी निम्मे होते, ल्युटेशियम-१७७ हे दुसरे किरणोत्सारी औषध साधारण साडेसहा दिवसांनी, प्रोस्टेटमध्ये पेरलेले आयोडीन-१२५ चे दाणे दर ५९ दिवसांनी. अमेरिकेतल्या ॲरिझोनात ल्युटेशियमचे उपचार घेतलेल्या एका रुग्णाच्या दहनानंतर भट्टीत आणि साधनांवर किरणोत्सार सापडल्याची नोंद २०१९ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात आली. नागपुरात मध्य भारतातून रुग्ण उपचाराला येतात, त्यामुळे हा प्रश्न आपला नाही असे म्हणता येणार नाही. मात्र घाबरवूही नका. बाहेरून यंत्राने ‘शेक’ दिलेल्या रुग्णाच्या देहात काहीही उरत नाही. त्याचे दहन नेहमीसारखेच करायचे. फक्त शरीरात औषध किंवा दाणे घातले होते का आणि केव्हा, एवढे रुग्णालयाने डिस्चार्जच्या कागदावर लिहायचे आणि घाटाने वाचायचे.

कागद आणि ओळख. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम १९६९ चा. मृत्यूची खबर २१ दिवसांत द्यायची. त्यानंतर, मृत्यूपासून ३० दिवसांपर्यंत, विलंबशुल्क, पुढे एक वर्षापर्यंत लेखी परवानगी, आणि वर्ष उलटले की २०२३ च्या दुरुस्तीनुसार जिल्हादंडाधिकारी किंवा त्यांच्याकडून अधिकार मिळालेल्या दंडाधिकाऱ्यांचा आदेश. घरी मृत्यू झाला तर शेवटच्या आजारात उपचार करणाऱ्या डॉक्टरने नमुना ४-अ द्यायचा असतो, दवाखान्यात झाला तर नमुना ४. घाटाच्या वहीत नाव आधारपेक्षा वेगळे लिहिले गेले, की पुढे सातबाराचा फेरफार, विमा, निवृत्तिवेतन, सगळीकडे अडते. आणि ही कारकुनी नुसती कारकुनी नाही. दहनानंतर पुरावा उरत नाही, म्हणून संशयास्पद मृत्यूत पोलिसांचा पंचनामा झाल्याशिवाय लाकूड सुटता कामा नये. ओळखीच्या नगरसेवकाच्या फोनवर ते सुटते.

ओळखीची साखळी तर आपल्याकडे खडूवर आहे. ओट्यावर खडूने लिहिलेला क्रमांक पहिल्या सरीत धुऊन जातो. स्टीलचा क्रमांक ठोकलेला बिल्ला देहाच्या नोंदीसोबत द्या, तो सांगाड्याला तारेने बांधा, भट्टीत आत जाऊ द्या आणि अस्थींसोबत बाहेर येऊ द्या. बिल्ल्याचा आणि पावतीचा क्रमांक जुळला तरच मडके हातात. एप्रिल २०२१ मध्ये घाटांवर रांगा लागल्या होत्या, तेव्हा हा बिल्ला असता तर कितीतरी घरांच्या मनातली शंका राहिली नसती. त्याच वर्षी मे महिन्यात राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने मृतांच्या सन्मानाबद्दल सूचना काढल्या, आणि त्याआधी १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सन्मानाचा हक्क मृतदेहालाही असल्याचे म्हटले होते. आम्ही नवे काही मागत नाही.

राख सावडायला लोक कोणी दुसऱ्या दिवशी येतात, कोणी तिसऱ्या. बौद्ध कुटुंबांची पद्धत वेगळी, लिंगायतांत तर दफन. घाटावर प्रत्येकाला आपल्या रीतीने करू द्यायला जागा आणि वेळ हवा. पण ओटा रिकामा करायच्या घाईत रात्रीच राख खोऱ्याने ओढून कडेला लोटली जाते, आणि रामटेकच्या अंबाळ्याला किंवा कन्हानला जाणाऱ्या मडक्यात कोणाचे काय जाते हे देवच जाणे. प्रत्येक सांगाड्याखाली सरकता लोखंडी ट्रे असेल तर राख ट्रेसकट उचलून, झाकून, क्रमांकासह ठेवता येते आणि ओटा मोकळा होतो. अंगापिंडाप्रमाणे दोन-तीन किलो अस्थी निघतात. त्यांचा रंग पाहून काम कसे झाले ते कळते: पांढऱ्या, खडूसारख्या असतील तर दहन पूर्ण, राखाडी असतील तर उष्णता बेताची, काळ्या असतील तर आत कोळसा शिल्लक आहे आणि तुमच्या लाकडाकडे किंवा रचणीकडे पाहण्याची वेळ आली आहे. पर्यवेक्षकाने रोज सकाळी एवढे जरी वहीत लिहिले, तरी कोणत्या टालाचे लाकूड वाईट ते महिन्याभरात कळेल.

आमच्या मागण्या:

१. लाकूड वजन आणि ओलावा या दोन्हींवर घ्या. ओंडका फोडून मधोमध मोजलेला, एकूण वजनाच्या २० टक्क्यांवरचा ओलावा असेल तर गाडी परत. मोजणी घाटावर, पावती दोघांच्या सहीची.

२. पावसाळ्याचा साठा नवतपा संपायच्या आत फोडून छपराखाली. मोक्षकाष्ठ पूर्ण बंदिस्त, फरशीवर न टेकता.

३. सरण रचण्याची कृती मराठी आणि हिंदीत, चित्रांसह, प्रत्येक घाटावर लावा. पेटवण्याआधी पर्यवेक्षकाची सही.

४. घाटाच्या अर्जात तीन प्रश्न वाढवा: पेसमेकर किंवा झटक्याचे यंत्र आहे का, शरीरात किरणोत्सारी औषध दिले होते का आणि केव्हा, देह गोठवला होता का. रुग्णालयांना देह सोडताना हीच माहिती लेखी द्यायला लावा.

५. क्रमांकाचा स्टीलचा बिल्ला आणि सरकता ट्रे, सर्व घाटांवर.

६. दाहिन्यांच्या देखभालीची वही सार्वजनिक करा: दार, विटा, थर्मोकपल, पंखा, जनरेटर, शेवटची तपासणी केव्हा. बंद दाहिनी कधी सुरू होणार ते दारावर लिहा.

७. मजुरांना जाड हातमोजे, सुती ॲप्रन, धूळ अडवणारे मास्क, धनुर्वात आणि हिपॅटायटिस-बीच्या लसी. ठेका बदलला म्हणून रचणारे अनुभवी हात घालवू नका. सगळ्या मागण्यांत स्वस्त हीच आहे आणि दरवर्षी आधी हीच वगळली जाते.

पहिल्या दोन मागण्यांसाठी मृग लागेपर्यंतचाच वेळ आहे. उत्तर लेखी द्या आणि ते प्रत्येक घाटाच्या फलकावर लावा, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाचता येईल. ओलाव्याची मोजणी कशी करायची ते पर्यवेक्षकांना दाखवायला आम्ही अर्धा दिवस द्यायला तयार आहोत. यंत्र तुम्ही आणा, ओंडके घाटावर आहेतच.

आपले,
नागपूरच्या घाटांवर राबणारे आणि मयतीची व्यवस्था लावणारे काही जण